तो पाठ आणि ती पाठ

शिक्षकांच्या खोलीत सहावी ब ला कुणी सहावी ब म्हणत नसे. 'तो वर्ग' म्हणत. आणि 'तो' हा एवढासा शब्द असा काही लांबवत, की ऐकणाऱ्यानं आपोआप हातातला कप खाली ठेवावा. एकट्या पुन्हाबाई तेवढ्या म्हणत, "माझा वर्ग."

पुन्हाबाई हे नाव पोरांनी पाडलेलं. वर्षाच्या पहिल्याच दिवशी अडतीस पोरं दारातून एकदम आत घुसली, दप्तरं आपटली, बाकं किंचाळली, आणि आता बाई कडाडणार म्हणून सगळ्यांनी माना खाली घालून तयारीही केली. बाईंनी नुसतं एक बोट हवेत गोल फिरवलं.

"पुन्हा."

"काय पुन्हा, बाई?"

"आत येणं. बाहेर जायचं आणि पुन्हा यायचं. या वेळी बाकं झोपलीत असं समजा."

पोरं खिदळत बाहेर गेली, खिदळत आत आली. बाईंनी कान देऊन ऐकलं. "छान. फक्त ते खिडकीजवळचं बाक जागं झालं. पुन्हा." पाचव्या खेपेला गोंगाटाचा पोरांनाच कंटाळा आला. वह्या वाटणं, रांग लावणं, पेन्सिलीला टोक करून साल डब्यातच टाकणं, सगळ्याची अशीच तालीम. ओरडा नाही, उभं करणं नाही, 'तुमच्यासारखा वर्ग मी जन्मात पाहिला नाही' हे भाषण नाही. महिनाभरात शिक्षकांच्या खोलीत विचारणा सुरू झाली, "बाई, तुम्ही काय पाजलंत हो त्यांना?"

खरी गंमत अशी, की वीस वर्षांपूर्वी याच बाईंचं नाव 'भोंगा' होतं. शाळेची घंटा बिघडली तेव्हा त्या वेळचे मोठे सर म्हणाले होते, "दुरुस्तीची घाई नाही. बाई आहेत." बाई पहिल्या तासाला ज्या सुरू होत, त्या शेवटच्या तासापर्यंत. मागच्या बाकांना कळावं म्हणून पुढच्या बाकांच्या डोक्यावरून आवाज फेकत. एकदा अशाच फेकत असताना त्यांचं लक्ष पहिल्या बाकावर गेलं. एक शहाणी, गप्प मुलगी दोन्ही कानांत बोटं घालून, पेन्सिल दातात धरून उत्तर लिहायला बघत होती. तिनं काहीही केलेलं नव्हतं. रोज इतरांच्या वाटचा ओरडा सगळ्यात जवळून तीच खात होती.

बाई त्या दिवशी वाक्य अर्धं सोडून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी दारात जाऊन उभ्या राहिल्या, का ते त्यांचं त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पोरं एकेक करून येताना त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिली. कोण घरून भांडून आलंय, कोण उपाशी आलंय, कुणाच्या मुठीत काय लपलंय, सगळं दारातच तोंडावर लिहिलेलं. वर्गात फुटणारं भांडण दारात दिसतं म्हटल्यावर ओरडायचं कारणच उरलं नाही. त्या दिवसापासून दार आणि बाई यांची जोडी जमली ती जमलीच.

पण जुन्या भोंग्यानं घशावर उगवलेला सूड या वर्षी बाहेर आला. स्वरतंतूंवर गाठी.

"काढून टाकल्यात," कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले. "आता आठ दिवस मौन. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीनं घसा जास्त ताणला जातो. आणि एकदा जरी ओरडलात, तरी मग आवाज शोधायला माझ्याकडे येऊ नका."

बाईंचे यजमान घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ नीट करणारे, अबोल गृहस्थ. घरी येऊन टेकले आणि म्हणाले, "एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत गेलं."

बाईंनी पाटी ओढली. 'लाडात येऊ नका.'

लाडाची वेळही नव्हती. ऑपरेशनच्या आधीच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून सांगितलं होतं, "असं आहे बघा, परत आलात तरी वर्षअखेरपर्यंत तुम्ही अर्धाच दिवस येणार. सहावी ब ला पूर्ण वेळचं कुणीतरी हवं. तुमचा भाचा तात्पुरता लागलाय ना, त्याला आठ दिवस देऊन बघते. शुक्रवारी मी फेरी मारीन. वर्ग ताळ्यावर दिसला तर तुम्ही दोघं मिळून सांभाळा. नाही दिसला, तर असं आहे बघा, शिट्टी सर."

शिट्टी सर खेळाचे. एका शिट्टीला उभं, दोन शिट्ट्यांना हात डोक्यावर. त्यांच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येई. ते पाणी प्यायला गेले की छप्पर पडल्याचं ऐकू येई. माणूस वाईट नव्हता. दर सुट्टीत घशाच्या गोळ्या चघळायचा, आणि ते पाहून बाईंना वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःची आठवण यायची. पण आपला वर्ग, ती दारातली अडतीस तोंडं, शिट्टीच्या हवाली? नुसत्या विचारानं घशातला टाका ओढला जाई.

भाचा होता सहा फुटांचा आणि त्याचा आवाज होता दोन फुटांचा. दर वाक्याआधी 'म्हणजे कसं' लावायची सवय. वर्गात आल्या आल्या त्यानं भाबडेपणानं सांगून टाकलं की बाई माझी मावशी. पहिल्या सुट्टीपर्यंत शाळाभर त्याचं नाव 'भाचेसर' झालं होतं.

त्याच्यासाठी बाईंनी रविवारी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सूचना लिहून ठेवल्या होत्या. थोडक्यात, कारण त्यांना वाटलं, पोरगा शहाणा आहे.

'१. घंटेआधी दारात. २. प्रत्येकाला नावाने हाक. ३. फळ्यावर काम आधीच तयार. ४. वर्गाला पाठ दाखवू नये. ५. ओरडू नये. पुन्हा करून घ्यावे.'

सोमवारी संध्याकाळी बाईंच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी डिट्टो वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली बाईंकडे आली. ही सहावी ब चीच. तिला हे नाव पडलं कारण ती माणूस एकदा ऐकायची आणि डिट्टो परत काढायची.

"बाई, तुम्ही बोलू नका, मी बोलते." गठ्ठा ठेवून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, चवड्यांवर उंच झाली, खांदे कानांपर्यंत नेले. आणि समोर भाचाच उभा राहिला. "'म्हणजे कसं, आज आपण, म्हणजे कसं, गणित घेऊ.' आम्ही पुस्तकं काढली, बाई. तर सर, 'नको नको नको! पुस्तकं मिटा!' आणि स्वतःचं पुस्तक टेबलाच्या खणात, अन् खणाला कुलूप!"

बाईंनी भुवया वर केल्या.

"मग सगळं फळ्यावर. आठवून आठवून. चाळीस मिनिटं आम्ही सरांचा शर्ट वाचला. मागे एक सुरकुती आहे, नकाशातल्या नदीसारखी. दुसऱ्या मिनिटाला रबर उडालं. पाचव्या मिनिटाला चप्पल. भिंगरी उठली, 'बस खाली.' भिंगरी उठली, 'म्हणजे कसं, बस खाली.' बावीस वेळा, मी मोजलं."

भिंगरी म्हणजे जिला बूड टेकवणं ही शिक्षा वाटायची अशी मुलगी.

बाईंनी लिहिलं, 'पुस्तक का मिटलं?'

"तेच मी विचारलं! तर म्हणाले, 'म्हणजे कसं, तुमच्या बाईंचीच सूचना आहे.'"

बाईंनी पाटी उलटी करून पाहिली, जणू उत्तर मागच्या बाजूला असेल. त्यांची सूचना? त्यांनी असं काय लिहिलं होतं?

मंगळवारची बातमी आणखी वाईट. भाषेच्या तासाला भाच्यानं कविता तोंडपाठ म्हणायला घेतली, तिसऱ्या ओळीला अडकला, फळ्याकडे वळून आठवत बसला, आणि मागे वर्गाचा बाजार झाला. मग दारातून 'फुर्रर्र'. डिट्टोचे शिट्टी सर म्हणजे छाती पुढे, हनुवटी वर. "'सोप्पं आहे! हात डोक्यावर! बघा भाचेसर, सोप्पं आहे!' आणि बाई, मागे मोठ्या बाई उभ्या होत्या. छोट्या डायरीत काहीतरी लिहिलं त्यांनी. असं." डिट्टोनं ओठ मुडपून हवेत एक लांब रेघ ओढली.

त्याच संध्याकाळी भाचा आला आणि मोडलेल्या छत्रीसारखा खुर्चीत मिटला.

"मावशी, बाकी सगळ्या सूचना पटल्या. पण चौथी काही जमत नाही गं. पाठ न दाखवता शिकवायचं कसं? गणित पाठ होतं, निभावलं. कविता कुठून पाठ असणार?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश पाटीवर लिहिलं, 'ती.'

"ती कोण?"

'ती पाठ. तो पाठ नाही.'

"म्हणजे कसं?"

बाई उठल्या, त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं, आणि नकाशातल्या नदीवर एक सणसणीत धपाटा घातला.

"अरे शहाण्या," घड्याळजी भिंग न काढता म्हणाले, "ही पाठ. धड्याचा पाठ नव्हे. पोरांकडे पाठ करून उभा राहू नकोस म्हणत्येय ती."

भाचा भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. "म्हणजे... पाठ दाखवू नये म्हणून दोन दिवस मी... पाठच दाखवत होतो?"

बाई हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे आणि डोळ्यांतून पाणी. घड्याळजी दचकून उठले. "अगं हसू नकोस! टाके! तू पण हसू नकोस रे, तुला बघून ती हसत्येय!" त्यावर डिट्टोनं कोपऱ्यातून घड्याळजींचंच 'टाके!' त्यांच्याच आवाजात परत केलं, आणि मग घड्याळजींनाही भिंग काढावं लागलं.

हसणं ओसरल्यावर बाईंनी लिहिलं, 'भिंगरी. वह्या तिला वाटू दे.'

भाच्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. एकदा पोळला होता. "वाटू दे म्हणजे... वाटप ना? तिला मनातून काही वाटू द्यायचं नाही ना?"

'दोन्ही,' बाईंनी लिहिलं.

बुधवारी पुस्तकं उघडली. भाचेसर फळ्यावर खेकड्यासारखं तिरकं उभं राहून लिहायला लागले, अक्षर चढावर गेलं, पण डोळे वर्गावर राहिले. भिंगरीनं वह्या वाटल्या, आणि वाटून झाल्यावर आपण होऊन बसली. दारात मात्र नवीनच घोळ.

"सगळ्यांना शाब्बास!" डिट्टोनं सांगितलं. "'शाब्बास! फारच छान!' दप्तर आणलं, शाब्बास. शिंकला, शाब्बास. मागचे दोघं मुद्दाम तीनदा दारातून आले, तीन शाब्बासक्या घेऊन गेले."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत घड्याळजी चिठ्ठी घेऊन भाच्याच्या खोलीवर पोचले. चिठ्ठीत एवढंच, 'बघून बोल. काही दिसलं नाही तर नुसतं नाव घे.' घड्याळजींनी पदरचं जोडलं, "आणि ती म्हणत्येय, झोप नीट." बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण लिहायला जागा असती तर लिहिलं असतं.

गुरुवारी डिट्टो आली ती चवड्यांवर उभी राहिलीच नाही. गठ्ठा ठेवला आणि स्टुलावर बसली.

बाईंनी पाटी पुढे केली. 'आज काय?'

"आज सरांनी दारात मला थांबवलं." डिट्टो स्वतःच्याच आवाजात बोलत होती. तो आवाज इतका बारीक आहे हे बाईंच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. "म्हणाले, काल सुट्टीत तू शिट्टी सरांची नक्कल करत होतीस. सगळे हसत होते. पण ती पाचवीतली छोटी मुलगी घाबरली तशी तू मध्येच थांबलीस आणि तिच्याजवळ गेलीस. मी पाहिलं. एवढंच म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली."

बाईंनी लिहिलं, 'त्यांच्या आवाजात नाही केलंस?'

"करणार होते," डिट्टो म्हणाली. "नाही आलं."

तिनं हे म्हणताना नाक ओढलं. बाईंनी पाटी बाजूला ठेवली, उठल्या, आणि उगाचच वह्यांचा गठ्ठा चौरस करत राहिल्या.

शुक्रवारी बाईंनी गळ्याला मफलर गुंडाळला. घड्याळजींनी विचारलं, "कुठे?" बाईंनी पाटीवर लिहिलं, 'पाय मोकळे करायला.' घड्याळजी म्हणाले, "शाळेकडे जास्त मोकळे होतात वाटतं," आणि दार उघडून दिलं.

व्हरांड्यात हरवलेल्या डब्यांचं एक कपाट होतं. त्याच्या आडून सहावी ब चं दार आणि अर्धा फळा दिसे. बाई तिथे उभ्या राहिल्या. भाचा दारात होता. एकेक हाक, एकेक नाव, कुठे एखादं वाक्य, कुठे नुसती मान. पोरं आत जात होती आणि बाकं झोपलेली होती. घंटा झाली. फळ्यावर काम तयार होतं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून मोठ्या बाई निघाल्या, डायरी हातात, मागे शिट्टी सर, शिट्टी गळ्यात.

आणि नेमका त्याच वेळी खडू मोडला. भाचा वाकला, तुकडा फळ्याखाली गेला, तो शोधायला तो पूर्ण वळला. नकाशातली नदी आख्ख्या वर्गाला दिसली. मागून कागदी विमान सुटलं, त्याच्या कानावरून गेलं आणि फळ्यावर आपटलं. एक हशा फुटला, दुसरा त्यावर चढला. मोठ्या बाई दारापासून चार पावलांवर.

बाईंच्या घशात जुना भोंगा वर आला. एक हाक. फक्त एक. वर्ग जागच्या जागी थिजला असता, मोठ्या बाईंनी थिजलेला वर्ग पाहिला असता, आणि सगळं निभावलं असतं. डॉक्टर गेले खड्ड्यात. बाईंनी तोंड उघडलं. छाती भरून घेतली.

भाचा सरळ झाला. विमानाकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. त्या दोन फुटी आवाजात, आणखी खाली येऊन, म्हणाला, "माझं चुकलं. मी पाठ दाखवली."

"कोणती पाठ, सर?" डिट्टो.

"ती," भाचा म्हणाला. "मी पुन्हा येतो."

आणि सहा फुटी माणूस शांतपणे दारातून बाहेर आला, मोठ्या बाईंना 'माफ करा' म्हणून वळसा घातला, पुन्हा आत गेला, वर्गाकडे तोंड ठेवून, नुसत्या हातानं चाचपडत खडूचा तुकडा उचलला. वर्ग इतका रंगून बघत होता की हसायचं विसरला. मागच्या बाकावरून एक मुलगा आपण होऊन उठला, विमान उचललं, घड्या उलगडल्या आणि कागद सपाट करून दप्तरात ठेवला.

"पाहिलं मी," भाचा म्हणाला. "चला. पहिलं गणित."

अडतीस माना खाली गेल्या. पेन्सिलींची खरखर सुरू झाली. बाईंनी भरलेली छाती हळूहळू रिकामी केली.

मोठ्या बाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "असं आहे बघा, शिट्टी सर, शिट्टी मैदानावरच ठेवा. हा वर्ग आहे तिथेच बरा आहे."

"तो वर्ग?" शिट्टी सरांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग वर्गाकडे बघतच विचारलं, "मला एखाद्या दिवशी मागे बसून बघता येईल का हो हे?"

"मला नका विचारू. त्यांना विचारा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि डब्यांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाच्या कडेनं मफलरचं टोक डोकावत होतं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. बाई पुढे आल्या आणि आनंदाच्या भरात, वीस वर्षांचा नेम विसरून, तशाच थेट वर्गात घुसल्या. झालं! "बाईऽऽ!" बाकं किंचाळली, दप्तरं पडली, भिंगरी तर बाकावरच चढली, तिघी मफलरला लोंबकळल्या. मोठ्या बाईंनी डायरी पुन्हा उघडली. आणि बाईंना, ज्यांना बोलायची सोय नव्हती, काय करावं ते कळेना.

भाच्यानं पोरांना काही म्हटलं नाही. त्यानं मावशीकडे पाहिलं आणि एक बोट हवेत गोल फिरवलं.

"बाई," तो म्हणाला, "पुन्हा."

पुन्हाबाईंनी मफलर सोडवून घेतला, मान डोलावली, आणि निमूटपणे बाहेर गेल्या. दाराशी थांबल्या. आतली बाकं शांत होईपर्यंत वाट पाहिली. मग चपलांचा आवाज न करता, पहिल्या दिवशीच्या पोरासारख्या, आत आल्या.

"छान," भाचेसर म्हणाले. "बसा. मागचं बाक रिकामं आहे."